पैसे भरा नाहीतर जाहिरात ऐका, आणि पैसे भरले तरी गाणं तुमचं नाहीच!

जुनी_कॅसेट

मंडळी, जाहिरातींवर बोटं मोडणारे धागे इथे आधीही निघालेत. माझी तक्रार जरा वेगळी आहे. मला जाहिरातीचा राग नाही. विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर इथे जाहिराती सुरू झाल्या, म्हणजे आमच्या पिढीने गाणी ऐकली ती जाहिरातींसकटच. साबण, दंतमंजन, टॉर्चचे सेल. त्यातल्या निम्म्या आजही तोंडपाठ आहेत. जाहिरात गाणं संपल्यावर यायची, तिला स्वतःची चाल असायची, आणि तिच्या बदल्यात रेडिओवाले आपल्याकडून काही काढून घेत नव्हते.

आता फुकट ऐकणाऱ्याला जाहिरात ऐकवतात ती माल खपावा म्हणून नाही, तर तो कंटाळून पैसे भरायला तयार व्हावा म्हणून. गाण्यांच्या स्पॉटिफाय ॲपने ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतातल्या फुकट खात्यांवर नवी बंधनं आणली. हवं ते गाणं हव्या त्या क्रमाने लावायचं नाही, गाण्यात मागे-पुढे जायचं नाही, असा फतवा निघाला. जाहिराती मात्र होत्या तशाच. जाहिरात ऐकून आपण किंमत मोजतो हा जो अलिखित करार होता तोच मोडला की! गाना ॲपने तर २०२२ मध्येच फुकट ऐकणं बंद केलं. रेसोने ३१ जानेवारी २०२४ ला भारतातून गाशा गुंडाळला, विंक त्याच वर्षी आवरलं. लोकांनी 'डाउनलोड' म्हणून जी गाणी त्या ॲपमध्ये जमवली होती ती ॲपबरोबर गेली.

तर तुम्ही काय करता? पैसे भरता, जाहिराती सोसता, की तिसरंच काही?

खडूस_पेन्शनर

कॅसेटराव, रेडिओ फुकट होता असं कोणी सांगितलं तुम्हाला? पोस्टात जाऊन रेडिओच्या लायसन्सचे पैसे भरावे लागत. पुस्तिका असायची, तिच्यावर तिकिटं चिकटवायचे. नूतनीकरण केलं नाही तर तपासनीस येईल म्हणून माझे वडील रेडिओवर विणलेलं कापड टाकून ठेवत. तेव्हा लायसन्सही भरत होतो आणि ६७ नंतर जाहिरातही ऐकत होतो.

आणि जाहिरातवाल्यांना इतकंही झोडपू नका. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झाले बा. वि. केसकर, आपले मराठीच. त्यांना सिनेसंगीत हलकं वाटायचं, आकाशवाणीवरून ते जवळजवळ हद्दपारच झालं. मग लोक काय ऐकत होते? रेडिओ सिलोन. तिथे बिनाका गीतमाला कोणी चालवली? एका टूथपेस्टने. बुधवारी रात्री आठला अमीन सायानींचा आवाज यायचा तो टूथपेस्टच्या पैशांवर. सरकारने तोंडचा घास काढला आणि कंपनीने भरवला, असा इतिहास आहे.

पहाटवारा

खडूस काका, ते प्रायोजक होते हो. टूथपेस्टवाल्याला गाणं चांगलं वाजायला हवं होतं, कारण गाण्यामुळेच लोक थांबणार. आताच्या जाहिरातदाराला आपण काय ऐकतोय याचा पत्ताही नसतो.

आमच्याकडचा किस्सा. सासूबाई पहाटे हरिपाठ लावतात, फोनवर, व्हिडिओच्या साइटवर. चाळीसेक मिनिटांचा व्हिडिओ आहे. टाळांचा गजर ऐन रंगात आला की मधेच एक तरुण ओरडतो, "पहिल्याच डावात जिंका दहा हजार!" त्या म्हणाल्या, "अगं, हा रोज येतो. ह्याला सांग ना, पूजा चाललीये म्हणून." मी हसले, पण त्यांना खरंच वाटत होतं की पलीकडे कोणीतरी माणूस आहे आणि त्याला सांगता येईल.

रमीच्या जाहिराती ऑगस्ट २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला तेव्हापासून गेल्या. आता त्या जागी गुडघेदुखीचं तेल आहे. सासूबाई म्हणतात, "हे निदान उपयोगाचं."

आणि फोनचा पडदा बंद केला की हरिपाठ बंद! तो चालू ठेवायचा तर पैसे भरा. म्हणजे देवासमोर फोन लखलखता ठेवायचा, बॅटरी संपेपर्यंत.

कॉपीवाला

बरीच वर्षं जाहिरातीच्या धंद्यात काढली आहेत, त्यामुळे इथे मार खायच्या तयारीने लिहितो.

पहाटवारा, तुमच्या सासूबाईंच्या हरिपाठात मधेच जाहिरात का घुसते? यूट्यूबवर व्हिडिओच्या पोटात जाहिरात टाकायची तर पूर्वी तो दहा मिनिटांपेक्षा लांब लागायचा. जुलै २०२० पासून आठ मिनिटं पुरतात. जागा चॅनलवाल्याला स्वतः ठरवता येते, पण बहुतेक जण ते काम यंत्रावर सोडून देतात. यंत्राला अभंग कुठे संपतो ते कळत नाही. ज्याने व्हिडिओ चढवलाय तो चार खुणा करून दोन अभंगांच्या मधे जाहिरात ठेवू शकतो. करत नाही. कंपनीला शिव्या द्या, पण थोड्या त्यालाही द्या.

'स्किप'चं बटण असलेल्या जाहिरातीत जाहिरातदाराला साधारणपणे पैसे तेव्हा लागतात, जेव्हा तुम्ही तीस सेकंद बघता (छोटी असेल तर पूर्ण) किंवा तिच्यावर टिचकी मारता. पाच सेकंदांनी उडवलीत तर त्याला फुकट. म्हणून आम्ही सगळा जीव पहिल्या पाच सेकंदांत ओततो, आणि म्हणूनच तो मुलगा ओरडतो.

आता कॅसेटरावांचा मुद्दा. तीच जाहिरात दिवसभर पुन्हापुन्हा का ऐकू येते? धंद्यात 'फ्रिक्वेन्सी कॅप' असते, एका माणसाला एक जाहिरात किती वेळा दाखवायची त्याची मर्यादा. ती लावणं जाहिरातदाराच्या हातात. पण जेव्हा विकलेली जाहिरातच नसते तेव्हा रिकाम्या जागी कंपनी स्वतःची जाहिरात वाजवते: 'जाहिराती नकोत? प्रीमियम घ्या.' जाहिरातींना कंटाळलात ना, हे सांगणारी जाहिरात! त्या जागेला गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून तुम्हाला शांतता मिळेल, असं होत नाही. तेव्हा कॅसेटरावांचं निदान बरोबर आहे. ती जागा माल विकायला नाही, तुम्हाला टोचायला आहे.

जुनी_कॅसेट

कॉपीवाला, मार नाही, चहा. आतल्या माणसाने कबूल केलं हे बरं झालं.

टीव्हीवर निदान नियम तरी आहे. केबलच्या नियमांत तासाला बारा मिनिटांची मर्यादा, दहा जाहिरातींची आणि दोन स्वतःच्या कार्यक्रमांच्या प्रचाराची. पाळतात किती तो भाग वेगळा, त्यावर कोर्टकज्जेही झाले. गाण्यांच्या ॲपला तो नियम लागूच नाही.

रावण_पार्टी

काय हे रडगाणं! आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर मोबाइलचं दुकान आहे. मेमरी कार्ड द्या, पन्नास रुपये द्या, हजार गाणी भरून देतो. लावणी, भारुड, आनंद शिंदे, सगळं. जाहिरात नाही, इंटरनेट नाही, पडदा बंद करा नाहीतर फोन उशीखाली ठेवा. कंपन्यांनी असा माल विकलाच नाही, मग लोक घेणारच.

कोमल_धैवत

रावणराव, तुमच्या त्या पन्नास रुपयांतले माझ्याकडे किती येतात? शून्य.

मी गाते, कधी चाल लावते. नाव सांगत नाही. स्टुडिओ, वादक, मिक्सिंग, सगळा खर्च पदरचा. गाणं सगळ्या ॲपवर चढवलं. स्पॉटिफायचा २०२४ पासूनचा नियम असा आहे की एखादं गाणं आधीच्या बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही तर त्या ध्वनिमुद्रणाचे पैसेच धरायचे नाहीत. हिंदीवाल्यांना हजार म्हणजे एक दुपार. मराठीत नव्या माणसाने केलेली गझल किंवा अंगाईगीत हजारावर न्यायला घरचे, नातेवाईक, सोसायटीचा ग्रुप, सगळे कामाला लावावे लागतात. माझ्या गाण्याच्या आधी आणि नंतर जाहिरात वाजतेच. तिचे पैसे कोणाच्या तरी खिशात जातात. माझ्या नाही.

त्यामुळे धाग्यात 'ग्राहक विरुद्ध उद्योग' असं जे चित्र उभं राहतंय, त्यात कृपया आम्हाला 'उद्योग'च्या रांगेत उभं करू नका.

रावण_पार्टी

ताई, तुमच्यावर राग नाही. तुमचं गाणं कुठे विकत मिळत असेल तर सांगा, शंभर रुपये रोख देतो. फाइल द्या फक्त. माझ्या कार्डात बसली पाहिजे.

कोमल_धैवत

हेच तर. तुम्ही द्यायला तयार, मी घ्यायला तयार, आणि मधे असं दुकानच उरलेलं नाही. पुण्यात अलूरकरांकडे माणूस काउंटरवर उभा राहून ऐकायचा आणि कॅसेट घेऊन जायचा. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं. (व्यक्तिगत निरोप पाठवते. फाइलच देईन.)

ओव्या_मेलबर्नहून

परदेशातून थोडी भर. पैसे भरते, जाहिराती नाहीत, तरी चिडचिड आहेच.

पहिलं, गाणं आज आहे, उद्या राखाडी. यादीत नाव दिसतं पण वाजत नाही. कंपन्यांचे करार संपतात. २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून काढली गेली तेव्हा भारतातल्या लोकांनीही हे अनुभवलं असेल. मी पैसे भरले ते गाण्यांचे नव्हते, दारातून आत सोडण्याचे होते. आत काय ठेवायचं ते तेच ठरवणार.

दुसरं, आणि ह्याचा मला जास्त त्रास होतो: नावं. आकाशवाणीवर निवेदिका सांगायची गीत कोणाचं, संगीत कोणाचं, स्वर कोणाचा. प्रत्येक गाण्याला. त्यामुळे गीतकार शांता शेळके आणि संगीतकार श्रीनिवास खळे ही नावं आम्हाला शाळेच्या पुस्तकाआधी रेडिओने शिकवली. ॲपवर 'कलाकार' म्हणून गायक, कधी नुसतंच 'विविध कलाकार', आणि चित्र म्हणून कुठल्यातरी 'सुपरहिट्स'चं. गीतकाराचं नाव शोधायला तीन ठिकाणी बोटं मारा, तरी सापडेल याची खात्री नाही. माझी मुलगी इथेच जन्मलेली. तिला वाटतं जी गाणी आशाताईंनी गायली ती त्यांनीच लिहिली. तिची काय चूक?

जगातलं सगळं ज्ञान खिशात आहे म्हणतात आणि चार शब्दांची ओळ भरायला कंपनीकडे माणूस नाही.

खडूस_पेन्शनर

मेलबर्नच्या बाईंना शंभर टक्के अनुमोदन. माझ्यापुरता हा या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

बिंदुसार

मी आयटीत आहे, म्हणून एक जुनी आठवण करून देतो. २००५. सोनी बीएमजीने आपल्या काही सीड्यांमध्ये कॉपी रोखण्याचं सॉफ्टवेअर घातलं होतं. सीडी संगणकात टाकली की ते न सांगता आत जाऊन लपायचं आणि व्हायरसवाल्यांना वाट मोकळी करून द्यायचं. अमेरिकेत खटले झाले, सीड्या परत घ्याव्या लागल्या. गंमत बघा, ज्याने गाणी चोरून उतरवली त्याचा संगणक शाबूत. ज्याने दुकानात जाऊन पैसे मोजले त्याचा गेला. या उद्योगाची प्रामाणिक गिऱ्हाइकाशी वागायची पद्धत तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

तबकडीप्रेमी

माझं दुखणं वेगळं. माझ्याकडे ७८ आरपीएमच्या तबकड्या आहेत, नाट्यगीतं, भावगीतं. धुऊन, पुसून, चांगल्या सुईने डिजिटल करतो आणि लोकांनी ऐकावं म्हणून चढवतो. दुसऱ्या दिवशी 'हक्काचा दावा' आलेला असतो. मग माझ्या व्हिडिओवर त्या कंपनीच्या नावाने जाहिराती लागतात. मी एक पैसा मागितला नव्हता, जाहिरातही ठेवली नव्हती. १९३०-४० च्या तबकडीवर आज कोणाचा हक्क? कायद्यातलं कोणी सांगेल का?

वकीलबाई

सांगते. हा सल्ला नव्हे, माहिती समजा.

एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं. म्हणजे १९६४ पर्यंत प्रकाशित झालेल्या तबकड्यांचा *ध्वनिमुद्रणाचा* हक्क संपलेला आहे. (पूर्वी ही मुदत पन्नास होती. रवींद्रनाथांच्या साहित्याचा हक्क संपायला आला तेव्हा १९९२ मध्ये ती साठ केली.)

पण शब्द आणि चाल यांची मुदत त्या त्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. गीतरामायण घ्या. गदिमा १९७७ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. संगीतकार सुधीर फडके, म्हणजे बाबूजी, २००२ मध्ये गेले, चालीचा हक्क २०६२ अखेरपर्यंत. तबकडी मोकळी झाली तरी गाणं मोकळं होत नाही, ते असं. उलट अभंग तुकोबांचा असेल तर शब्द सर्वांचे, पण चाल खळ्यांची असेल तर ती हक्काधीन.

तुमच्या तबकडीवरचा गीतकार आणि संगीतकार दोघेही १९६४ किंवा आधी गेले असतील, तर दाव्याला हरकत घ्या, 'डिस्प्यूट' करा. यंत्राने ओळखलेला आवाज म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे. पुष्कळदा असं होतं की नंतर काढलेल्या संग्रहात तीच तबकडी असते आणि यंत्र त्याच्याशी ती जुळवतं.

कोमल धैवत, तुमच्यासाठी: २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा कंपनीला लिहून देऊन टाकता येत नाही. करारात 'सर्व हक्क कायमचे' लिहिलं असलं तरी. सही करण्याआधी हे लक्षात असू द्या.

तबकडीप्रेमी

वकीलबाई, साष्टांग. आज रात्री बसून कोण कधी गेलं याची यादी करतो. विचित्र काम आहे, पण करतो.

मिरजकर

वकीलबाई आल्याच आहेत तर माझंही बघा. माझा मंडप आणि साउंडचा व्यवसाय. लग्नाच्या सीझनला हॉलवाला म्हणतो, गाण्यांचं लायसन्स आणा, नाहीतर स्पीकर लावू देणार नाही. एका संस्थेची नोटीस दाखवतो. नवरदेवाचा बाप माझ्यावर डाफरतो, "अहो, गाणं ॲपवर ऐकतो त्याचे पैसे भरलेत ना आम्ही!" मी मधल्यामधे भरडला जातो.

वकीलबाई

ॲपचे पैसे घरी ऐकण्याचे असतात, त्याने हॉलमध्ये वाजवायची परवानगी मिळत नाही. तो मुद्दा बापाला नीट सांगा.

पण कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(झेडए) आहे. धार्मिक विधीत गाणं वाजवणं हा हक्कभंग नाही, आणि लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित सामाजिक समारंभ त्यात धरलेत. केंद्राच्या उद्योग विभागाने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून हेच सांगितलं. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये तसंच परिपत्रक काढलं, पोलिसांकडे तक्रार करा वगैरे. गाण्यांचे परवाने देणारी पीपीएल ही संस्था आणि सोनोटेक ही संगीत कंपनी त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये ते परिपत्रक रद्द केलं. कलम मात्र जागेवर आहे. रद्द झालं ते सरकारने त्याला लावलेलं शेपूट. व्हॉट्सॲपवर 'लग्नाची सूट गेली' असं फिरतं, ते चूक.

हॉलवाल्याला कलम दाखवा. नोटीस देणाऱ्याकडे कोणती गाणी तुमच्या हक्कात आहेत याची यादी लेखी मागा.

पहाटवारा

अवांतर पण याच दुखण्याचं. आमच्या बाबांच्या प्रीपेडमधून दरमहा पैसे कमी व्हायचे. शेवटी कळलं, कॉलर ट्यून लागलीये. बाबांनी लावली नव्हती. त्यांना फोन करणाऱ्यांना मात्र एक धमाल आयटम साँग ऐकू यायचं आणि कोणी लाजेने सांगत नव्हतं. मंदिर ट्रस्टचे अध्यक्ष आहेत ते!

कॉपीवाला

हा हा. दूरसंचार नियामक ट्रायने जुलै २०१३ मध्येच दुहेरी होकार बंधनकारक केला, ग्राहकाने दोनदा हो म्हटल्याशिवाय पैसे कापायचे नाहीत. पण फोनवर चौकट उघडते, म्हातारा माणूस ती घालवायला 'ओके' दाबतो, पुन्हा येते, पुन्हा दाबतो. झाले दोन होकार. १५५२२३ वर फोन करून ती बंद करता येते.

ॲपच्या वर्गणीचंही तसंच. घेताना एक बटण, सोडताना भुलभुलैया. नोव्हेंबर २०२३ च्या 'डार्क पॅटर्न'च्या, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीच्या, सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत तेरा प्रकार दिलेत, वर्गणीचा सापळा त्यातलाच. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

जुनी_कॅसेट

धागा माझ्या अपेक्षेपेक्षा फार पुढे गेला, आभार. घरी सारेगामाचं कारवां आणलंय, मराठीवालं. बटण दाबलं की गाणं, जाहिरात नाही, पडदा नाही. पण हिशोब केला तर त्यातली कितीतरी गाणी मी आधी तबकडीवर घेतली, मग कॅसेटवर, मग सीडीवर. त्याच कंपनीला चौथ्यांदा पैसे दिले, आणि क्रम अजूनही माझ्या हातात नाही, त्यांनी भरला तोच. तरी घेतलं. पहाटवारा, सासूबाईंसाठी रावणरावांच्या कार्डासारखी सोय, पेनड्राइव्ह लावायचं भोक, त्याला आहे, हरिपाठ त्यात टाकून द्या.

मिरजकर

वकीलबाई, शेवटचं. मुंजीला चालेल का? पुढच्या आठवड्यात एक आहे, हॉलवाला तोच.

वकीलबाई

मुंज हा धार्मिक विधीच आहे. विधी चालू असताना लावा. संध्याकाळी वेगळा डीजे ठेवणार असाल तर वाद होऊ शकतो.

मिरजकर

डीजे नाही, मग सनईच ठेवतो. मिरजेत वाजवणाऱ्यांना काय तोटा!

वकीलबाई

सनईवर सिनेमाची चाल वाजवली तर तेही सादरीकरणच. विधीच्या वेळी काही अडत नाही. जेवणाच्या पंगतीला मात्र भूप किंवा सारंग वाजवायला सांगा, रागावर कोणाची मालकी नाही.

मिरजकर

बटूची आजी ऐकली पाहिजे. तिने यादी दिलीये, सगळी सिनेमाची आहेत.